मोटारींवांचून मध्यनगर

युरोपांतील जुन्या शहरांचा मध्यभाग पायीं चालणाऱ्या माणसाच्या मापानें बांधलेला असतो. प्रार्थनामंदिर, बाजाराचा चौक, नगरसभेची इमारत आणि नदीवरचा पूल हीं सर्व एकमेकांपासून दहापंधरा मिनिटांच्या वाटेवर, आणि रस्ता दोन घोडागाड्या एकमेकींस चुकवून जातील एवढा रुंद असला म्हणजे पुरे. विसाव्या शतकांत या रस्त्यांत मोटार शिरली. चौकांचे मोटारतळ झाले, पदपथ अरुंद झाले, आणि ज्या पेठेंत लोक गप्पा मारीत उभे राहत, ती पेठ घाईनें ओलांडावयाची जागा होऊन बसली. हा ओघ उलटा फिरविण्याचे प्रयत्नही फार जुने आहेत. कोपनहेगन शहरानें १९६२ सालींच आपला मुख्य बाजाररस्ता पादचाऱ्यांच्या स्वाधीन केला. त्यानंतर हॉलंड, जर्मनी, बेल्जियम, स्पेन, स्लोव्हेनिया अशा अनेक देशांतील नगरांनीं आपल्या मध्यभागांतून खासगी मोटारी कमीअधिक प्रमाणांत बाहेर घालविल्या.

बंदीचा फलक लावणें मुळींच अवघड नाहीं. एक खांब, एक पाटी आणि एक शिपाई एवढ्यावर तें काम भागतें. परंतु मोटार रस्त्यांतून गेली तरी ती जें काम करीत होती तें काम नाहींसें होत नाहीं. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला दवाखान्यांत जावयाचें असतेंच. दुकानदाराचीं खोकीं यावयाचीं असतातच. रात्रीं उशिरां कामावरून सुटलेल्या परिचारिकेला सुखरूप घरीं पोंचावयाचें असतेंच. हें काम पुढें कोणीं करावयाचें, याचा निकाल आधीं लागला नाहीं, तर तें सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन पडतें.

याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. माथेरानच्या डोंगरावर मोटारी दस्तुरी नाक्यापाशीं थांबतात. तेथून बाजारपेठ सुमारें अडीच किलोमीटर दूर. १९०७ सालीं सुरू झालेली अरुंद रुळांची छोटी आगगाडी नेरळहून वर येते खरी, पण तिच्या फेऱ्या थोड्या आणि उतारू पुष्कळ. त्यामुळें उरलेलें ओझें घोड्यांनीं, हमालांनीं आणि माणसांनीं ओढावयाच्या रिक्षांनीं वाहिलें. हवा स्वच्छ राहिली, झाडी राहिली, शांतता राहिली. परंतु या शांततेचें मोल रिक्षा ओढणाऱ्या माणसांनीं आपल्या छातीनें आणि पायांनीं दिलें. अखेर २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें या हातरिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला आणि त्यांच्या जागीं विजेवर चालणाऱ्या रिक्षांची योजना करण्यास सांगितलें. मोटार नाकारतांना तिच्या जागीं कोणतें वाहन यावयाचें हें ठरलें नाहीं म्हणजे काय होतें, हें या एका गोष्टीवरून कळून येतें.

मोठ्या शहराच्या मापानें हा प्रश्न कसा सुटूं शकतो, हें पाहावयाचें तर फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबूर्ग शहराकडे वळावें. इल नदीच्या दोन फांट्यांनीं वेढलेलें तेथील जुनें मध्यनगर ‘मोठें बेट’ या नांवानें ओळखलें जातें. १९८८ सालीं युनेस्कोनें त्याची गणना जागतिक वारशांत केली. या शहरांत १८७८ सालीं घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, पुढें त्या विजेवर चालूं लागल्या, आणि १९६० सालीं त्या कालबाह्य म्हणून मोडींत काढण्यांत आल्या. मुंबईच्या ट्रामची कथाही अशीच आहे: १८७४ सालीं घोडे, १९०७ सालीं वीज, आणि १९६४ च्या मार्चअखेर शेवटची फेरी. ट्राम गेल्यावर स्ट्रासबूर्गचे रस्ते मोटारींचे झाले. मध्यावरील क्लेबेर चौकांतून दिवसाकांठीं सुमारें ५०,००० वाहनें जाऊं लागलीं, आणि त्यांतील पुष्कळशांना त्या चौकांत कांहीं काम नसे. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाण्याची ती केवळ जवळची वाट होती.

उपाय दोन सुचविण्यांत आले. पहिला, जमिनीखालून धांवणाऱ्या स्वयंचलित रेल्वेचा. तशी रेल्वे फ्रान्समधील लील शहरांत १९८३ सालीं सुरू झाली होती. दुसरा उपाय, रस्त्यावरून धांवणाऱ्या नव्या ट्रामचा. व्यापाऱ्यांचा कल मुख्यतः भुयारी रेल्वेकडे होता. त्यांचें म्हणणें सरळ होतें: गाडी खालून जावी आणि दुकानापुढचा रस्ता मोटारवाल्या गिऱ्हाइकासाठीं मोकळा राहावा. १९८९ सालची नगरपालिकेची निवडणूक मुख्यतः याच प्रश्नाभोंवतीं लढली गेली. ट्रामचा पुरस्कार करणाऱ्या कात्रीन त्रॉतमान महापौर झाल्या. भुयारी मार्गास लागणारा खर्च ट्रामच्या कित्येक पट होता, हें तर ट्रामच्या बाजूचें कारण होतेंच. पण त्याहूनही महत्त्वाचें कारण दुसरें होतें. भुयारांतील रेल्वे मोटारींचें रस्त्यावरील राज्य जसेंच्या तसें ठेवते. ट्राम मात्र रस्त्यांतच जागा मागते. त्यामुळें तो रस्ता कोणाचा, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

१९९२ सालीं क्लेबेर चौकांतून आरपार जाणारी वाहतूक बंद करण्यांत आली. मोटारीला मध्यनगरांत शिरतां येई, पण ज्या बाजूनें शिरली त्याच बाजूनें वळसा घेऊन तिला बाहेर पडावें लागे. १९९४ च्या नोव्हेंबरांत ट्रामचा पहिला मार्ग सुरू झाला. रूळ टाकतांना केवळ रुळांपुरता रस्ता खणून बुजविला नाहीं. एका बाजूच्या घरांच्या भिंतीपासून समोरच्या घरांच्या भिंतीपर्यंत सारा रस्ता नव्यानें आंखला. पदपथ रुंद केले, झाडें लावलीं, कांहीं ठिकाणीं रुळांमध्यें हिरवळ केली. गाड्यांची जमीन इतकी खालीं ठेवली कीं फलाटावरून डब्यांत पाय टाकतांना पायरी चढावी लागूं नये. चाकांच्या खुर्चींतला मनुष्य आणि बाळाची गाडी ढकलणारी आई यांना कोणाच्या हाताची गरज उरली नाहीं. त्यानंतर मार्ग वाढत गेले, आणि २०१७ सालापासून त्यांतील एक मार्ग ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनींतील केल गांवांत जातो.

या उदाहरणावरून आणि त्याच्यासारख्या इतर शहरांच्या अनुभवावरून मोटारीवांचूनच्या मध्यनगरासाठीं सार्वजनिक वाहनांची आंखणी कशी करावी, याचीं कांहीं तत्त्वें हातीं लागतात. तीं गणितानें पटण्यासारखीं आहेत.

पहिलें गणित जागेचें. पहिल्या वेळच्या स्ट्रासबूर्ग ट्रामची लांबी सुमारें ३३ मीटर. तींत बसून आणि उभे राहून सुमारें २०० उतारू मावतात. एका मोटारींत सरासरी दीड मनुष्य बसतो असें धरलें, तर याच २०० उतारूंना सुमारें १३३ मोटारी लागतात. त्या एकीमागें एक उभ्या केल्या आणि प्रत्येकीस सहा मीटर जागा धरली, तर रांग ८०० मीटर लांब होते. शिवाय ट्राम उतारूंना उतरवून पुढें निघून जाते. मोटार मात्र धनी दुकानांत असेपर्यंत दारांत उभी राहते. जागेची खरी टंचाई या उभ्या राहण्यामुळें होते. म्हणून मध्यनगरांत आणावयाच्या वाहनानें तेथें मुक्काम करतां कामा नये. बसचा किंवा ट्रामचा शेवटचा थांबा मध्यनगरांत ठेवला, कीं तेथें रिकाम्या गाड्यांचा तळ पडतो. मार्ग एका उपनगरांतून निघून मध्यनगराच्या पोटांतून दुसऱ्या उपनगराला जावा, हें उत्तम. गाड्या मध्यावर एकमेकींस भेटाव्या, उतारूंनीं गाडी बदलावी, आणि गाड्यांनीं पुढें चालूं पडावें. स्ट्रासबूर्गमधील ‘ओम द फेर’ या नांवाच्या थांब्यावर, कांचेच्या गोल छपराखालीं, नेमकें हेंच चालतें.

दुसरें गणित पायांचें. धडधाकट मनुष्य मिनिटास सुमारें ८० मीटर चालतो. म्हणजे ४०० मीटरांस त्याला पांच मिनिटें लागतात. काठी टेकीत, मध्यें थांबत चालणाऱ्या वृद्धास याच अंतराला दहा मिनिटें सहज लागतील. नकाशावरचें तेंच अंतर एकास किरकोळ आणि दुसऱ्यास दुस्तर असतें. थांब्यांमधलें अंतर तरुणाच्या चालीनें ठरविलें, तर गाडी वेगानें जाते खरी, पण ज्याला तिची सर्वांत अधिक गरज तोच तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून मध्यनगरांत थांबे तीनचारशें मीटरांवर असावे. उपनगरांत तें अंतर वाढविलें तरी चालेल. वाटेंत बसावयास बांक आणि डोक्यावर सांवली असावी. बांक ही वस्तु शोभेची समजली जाते. वास्तविक तीही वाहतुकीच्या साधनांतच मोडते.

तिसरें गणित वाट पाहण्याचें. गाडी दर पांच मिनिटांनीं येत असेल तर सरासरी अडीच मिनिटें थांबावें लागतें. दर वीस मिनिटांनीं येत असेल तर दहा मिनिटें. मोटार ज्याच्या दारांत उभी आहे त्याला थांबणें ठाऊक नसतें. म्हणून मोटार सोडून आलेल्या मनुष्यास वेळापत्रक पाहण्याची गरज पडूं नये, इतक्या गाड्या असाव्या लागतात. परंतु गाड्या पुष्कळ असल्या तरी चौकाचौकांत अडकून पडल्या तर त्या एकदम तिघी येतात आणि मग वीस मिनिटें एकही येत नाहीं. या बाबतींत स्वित्झर्लंडमधील झुरिक शहर बोध घेण्यासारखें आहे. तेथील मतदारांनीं १९६२ सालीं ट्राम जमिनीखालीं नेण्याची योजना आणि १९७३ सालीं भुयारी रेल्वेची योजना, अशा दोन्ही योजना नाकारल्या. १९७७ सालीं मात्र रस्त्यावरील ट्राम आणि बस यांना अग्रहक्क देण्यासाठीं २० कोटी फ्रँक खर्च करण्यास त्यांनीं संमति दिली. गाडी चौकाजवळ येतांच दिव्यांनीं तिला वाट द्यावी, मोटारींनीं तिच्या रुळांवर उभें राहूं नये, एवढ्या साध्या व्यवस्थेनें तेथील ट्राम भरंवशाची झाली.

चौथें गणित मध्यनगराच्या आकाराचें. पादचाऱ्यांच्या गर्दींतून जाणाऱ्या ट्रामनें ताशीं १५ किलोमीटरांहून फार वेग घेऊं नये. म्हणजे मिनिटास २५० मीटर. पादचारी क्षेत्राची रुंदी सव्वा किलोमीटर असेल तर तें ओलांडावयास पांच मिनिटें लागतात, आणि पलीकडे जाणारा उतारू तीं आनंदानें देतो. तीच रुंदी चार किलोमीटर केली, तर सोळा मिनिटें जातात. मग मार्गाचा कांहीं भाग जमिनीखालीं न्यावा लागतो किंवा बाहेरून दुसरा जलद मार्ग काढावा लागतो. मोटारबंदीचें क्षेत्र जितकें मोठें तितकें उत्तम, असा उत्साही लोकांचा समज असतो. तें क्षेत्र किती मोठें असावें, हें गाडीच्या वेगावरूनही ठरवावें लागतें.

मध्यनगराच्या आंतली व्यवस्था चांगली झाली तरी तिचें यश पुष्कळसें वेशीवर अवलंबून असतें. मोटारीनें दूरवरून आलेल्या मनुष्यानें मोटार कोठें सोडावी? स्ट्रासबूर्गनें ट्रामच्या बाहेरील थांब्यांशीं मोटारतळ बांधले आणि तळाच्या भाड्यांतच मोटारींतील सर्व मंडळींचें ट्रामचें जाण्यायेण्याचें भाडें धरलें. चौघांचें कुटुंब बाजारास निघालें, तर मोटार आंत नेण्यापेक्षां बाहेर ठेवण्यांत त्याचा उघड फायदा होतो. आरपार जाणाऱ्या मोटारींचा बंदोबस्त हॉलंडमधील ग्रोनिंगेन शहरानें १९७७ सालींच केला होता: मध्यनगराचे चार भाग पाडले, आणि एका भागांतून दुसऱ्या भागांत मोटारीनें थेट जातां येऊं नये अशी आंखणी केली. बेल्जियममधील गेंट शहरानें ३ एप्रिल २०१७ रोजीं हीच युक्ति योजिली. मोटारमुक्त मध्याच्या भोंवतालच्या शहराचे सहा भाग केले. एका भागांतून दुसऱ्यांत जावयाचें तर बाहेरच्या वर्तुळमार्गावर येऊनच जावें लागतें. बस, ट्राम, सायकल आणि पादचारी यांना मात्र सरळ वाट खुली राहिली. अशा रीतीनें मोटारीची वाट लांबली आणि सार्वजनिक वाहनाची वाट तीच राहिली. त्यामुळें कोणासही उपदेश न करितां लोकांची निवड बदलूं लागते.

एवढें करूनही थांब्यापासून दारापर्यंतचे शेवटचे शेंदोनशें मीटर उरतातच. स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना येथें २००७ सालापासून जुन्या मध्यनगराचे रस्ते एकेक करून मोटारींस बंद होत गेले. तेथें ‘कावालीर’ या नांवाच्या लहान विजेच्या गाड्या फिरतात. त्यांना ठरलेले थांबे नाहींत; हात केला कीं थांबतात, चारपांच माणसांना घेऊन सावकाश जातात, आणि भाडें घेत नाहींत. वृद्ध, आजारी आणि सामान घेतलेल्या लोकांसाठीं ही सोय मुख्यतः आहे. मोठी गाडी गर्दीचा भार उचलते आणि छोटी गाडी अडलेल्याचा. दोहोंचीं कामें निराळीं, आणि एकीवांचून दुसरी अपुरी. दुकानांच्या मालासाठीं सकाळचे कांहीं तास राखून ठेवण्याची पद्धत बहुतेक सर्व शहरांत आहे. रुग्णवाहिका आणि आगीचे बंब यांना ट्रामचाच मोकळा पट्टा उपयोगीं पडतो. मोटारींच्या दाटीपेक्षां अशा रस्त्यानें ते लवकर पोंचूं शकतात.

भविष्यकाळीं या व्यवस्थेंत कोणते बदल होतील? कांहीं तर डोळ्यांपुढें आलेच आहेत. ट्रामच्या तारांनीं जुन्या इमारतींची शोभा जाते, ही तक्रार जुनी होती. बोर्दो शहरानें २००३ सालीं रुळांमधल्या पट्टींतून वीज घेणारी ट्राम सुरू केली. गाडी ज्या तुकड्यावर असेल तेवढ्याच तुकड्यांत वीज येते, त्यामुळें पादचाऱ्यास धोका नसतो. नीस शहराची ट्राम २००७ सालापासून तेथील मुख्य चौक तारेवांचून, केवळ बॅटरीवर ओलांडते. चालकावांचून चालणाऱ्या लहान गाड्यांचाही प्रयोग झाला आहे. स्वित्झर्लंडमधील सियों या गांवाच्या जुन्या भागांत २०१६ सालीं तशा गाड्या रस्त्यावर आल्या. एका गाडींत अकरा माणसें. त्यांचें कौतुक जरूर करावें, पण गणित विसरूं नये. तासाला २,००० माणसें न्यावयाचीं तर अशा गाडीच्या १८० हून अधिक फेऱ्या, म्हणजे दर वीस सेकंदांस एक गाडी लागेल; पादचाऱ्यांस रस्ता ओलांडणें कठीण होईल. दोनशें माणसांच्या ट्रामला त्याच कामास दहा फेऱ्या पुरतात. नवें यंत्र कावालीरचें काम कदाचित् उत्तम करील. ट्रामचें काम त्याच्याकडे सोंपवूं नये.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न क्रमाचा आहे. मोटारी आधीं काढाव्या कीं गाड्या आधीं आणाव्या? नवी गाडी येण्यापूर्वींच रस्ता बंद केला तर मधल्या काळांत लोकांचे हाल होतात, दुकानें ओस पडतात, आणि पुढच्या निवडणुकींत सारी योजनाच बुडते. उलट गाड्या आणल्या आणि मोटारीही राहूं दिल्या, तर गाड्या त्याच गर्दींत अडकतात, रिकाम्या धांवतात, आणि सार्वजनिक वाहन लोकांना नकोच आहे असा निष्कर्ष काढला जातो. स्ट्रासबूर्गमध्यें या दोन गोष्टी एकाच योजनेच्या दोन बाजू म्हणून अंमलांत आल्या. आरपार वाहतूक थांबली तेव्हां ट्रामचें काम चालूं होतें, आणि ती केव्हां येणार हें नागरिकांस ठाऊक होतें. जेथें रूळ टाकण्याइतका पैसा नाहीं, तेथें बसनेंही हें साधतें. लुब्लियानानें २०१३ सालीं आपला मुख्य रस्ता खासगी मोटारींस बंद केला, पण बस तेथून चालूं ठेवल्या. बसला रूळ लागत नाहींत. मोकळा पट्टा, अखंड फेऱ्या आणि पायरीवांचूनची चढ-उतर मात्र लागतेच.

अशी योजना कोणत्याही शहरांत लोकांपुढें मांडली जाईल, तेव्हां तिची परीक्षा करण्यासाठीं तज्ज्ञ असण्याची गरज नाहीं. सुबक चित्रांतील झाडें आणि कारंजीं क्षणभर बाजूस ठेवून नागरिकांनीं चार प्रश्न विचारावे. बंदीच्या पहिल्या दिवशीं सकाळीं कोणती गाडी दारीं येणार आहे? ती किती मिनिटांनीं येणार आहे? रात्रींची शेवटची गाडी केव्हांची? आणि मध्यनगरांत राहणाऱ्या, दोनशें मीटरही न चालवणाऱ्या माणसाला त्या दिवशीं दवाखान्यांत कोण नेणार? या चार प्रश्नांस ज्या योजनेंत नेमकीं उत्तरें असतील, तिच्यासाठीं मोटारवाल्यांनींही आपली थोडी गैरसोय सोसावी. कारण कधीं ना कधीं तेही त्या दोनशें मीटर न चालवणाऱ्या माणसाच्या वयाचे होणारच आहेत.